इनपनदादा आरोग्य केंद्रात का येतात

बान सान कोन, १४ जून

नोप,

आधी हे वाच: घरी सगळे जिवंत आहेत. तुझे बाबा आहेत, तुमची ती म्हातारी कुत्री आहे, आणि मीही आहेच. परदेशातल्या पोराला गावाकडचं हाताने लिहिलेलं पाकीट आलं की त्याच्या पोटात गोळा येतो, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं.

मी बुआचुम. कुंपणापलीकडची. तुझ्या आईची मैत्रीण, आणि तू शाळेत असताना ठेवलेल्या नावाने सांगायचं तर 'गावाचा लाउडस्पीकर'. तू गावाच्या फोनवरच्या लाइन ग्रुपमधून निघून गेलास, स्वतःचा नंबरही बदलून टाकलास. तरी पत्ता मिळाला. तू बाबांना कोरियाहून खोकं पाठवलं होतंस ना, समुद्रातलं शेवाळ आणि जिनसेंग घातलेलं? ते त्यांनी उघडलंच नाही. तसंच उचलून आरोग्य केंद्रात आणून ठेवलं आणि म्हणाले, "सगळ्यांनी वाटून खा." शेवाळ छान कुरकुरीत होतं. खोक्यावरचा पत्ता मी कात्रीने कापून घेतला आणि या पाकिटावर चिकटवला. मला ती अक्षरं वाचता येत नाहीत, पण तिकडच्या पोस्टमनला येत असतीलच.

आता कामाचं. मी अजून केंद्राची स्वयंसेविका आहे. घरोघर फिरायचं, साखर बघायची, डास बघायचे, म्हाताऱ्यांना गोळ्या घेतल्या का विचारायचं. थोडक्यात, जो चोंबडेपणा मी आयुष्यभर फुकट केला तोच आता सरकारी शर्ट घालून करते. यंदा आमच्या नर्सने, ओराथायने, आम्हाला एक नवीन गोष्ट शिकवली. ती म्हणाली, गेल्या वर्षी आपल्या पंचक्रोशीत ज्या दोघांनी स्वतःचा जीव घेतला, ते दोघेही त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी आपल्या बाकावर बसून गेले होते. एकजण पाठ दाखवायला, एकजण झोप येत नाही म्हणून. आपण पाठीला मलम दिलं. आपण त्यांना बाकी काही विचारलं नाही. तर आता येणाऱ्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे, मन कसं आहे त्याबद्दल. उत्तर 'हो' आलं तर पुढचे प्रश्न ओराथाय विचारणार.

मी तुझ्या बाबांबद्दल काही म्हणत नाही. एवढंच म्हणते की ते केंद्रात फार येतात. आधी गुडघा होता. मग कानात आवाज यायला लागला. मग जिभेची चव गेली. आता काहीच सांगत नाहीत, नुसते म्हणतात, "बीपी बघा." बीपी तर तरण्याबांड पोराचं असावं तसं. दोन दिवसांनी पुन्हा हजर. बाकाच्या टोकाला बसतात आणि आपला नंबर दुसऱ्याला देत राहतात. मला हे कोडं सुटत नाही, आणि कोडं सुटलं नाही की मला जेवण जात नाही हे तुला माहीत आहे.

दोन प्रश्न मी त्यांनाही विचारले. तुमच्याच ओसरीवर. तुझे काका होते, काकी होती, पलीकडच्या दोघी बांबूचे कोंब सोलत बसल्या होत्या. मी पहिला प्रश्न वाचला तर बाबांनी तोंड उघडायच्या आत काकी म्हणते, "दादांना कसलं आलंय दुःख! पोरगा कोरियात आहे!" दुसरीने जोडलं, "दुःख असतं तर काल एवढा भात खाल्ला असता का?" सगळे हसले. बाबाही हसले. म्हणाले, "लिहून टाक, बुआचुम. सगळं ठीक आहे." मी दोन्हीकडे 'नाही' लिहिलं.

तू त्यांना लहानपणापासून पाहिलंयस. ते आधी कधी असे झाले होते का? कळव.

तुझी बुआचुममावशी


२९ जून

नोप,

उत्तर नाही. ठीक आहे. मी पुन्हा लिहिते. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि इकडे कुणाशी बोलायची मला बंदी आहे. ओराथायने बजावलंय, रोग्याबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही. मी विचार केला, नोप काही बाहेरचा नाही.

बाबा का येतात याबद्दल गावात तीन मतं आहेत. एक, त्यांची नजर ओराथायवर आहे. हे मत काकीचं, आणि ते ऐकून ओराथायला इतकं हसू आलं की तिने इंजेक्शन खाली ठेवलं. दोन, केंद्रातला पंखा. तीन माझं, पण ते मला अजून नीट मांडता येत नव्हतं, म्हणून मी परवा त्यांच्या शेजारीच जाऊन बसले.

बघत होते. खुर्चीवर टेकायच्या आत ते हात पुढे करतात. पट्टा बांधला आणि त्यात हवा भरायला लागली की डोळे मिटतात. मी विचारलं, "दादा, दुखतं का?"

"नाही गं. बरं वाटतं."

"बीपीच्या पट्ट्याने बरं वाटतं?"

"कुणीतरी दंड धरल्यासारखं वाटतं," म्हणाले. मग हसले आणि म्हणाले, "यंत्राला सांगू नकोस, लाजेल."

मीही हसले. घरी येऊन मात्र हसू आलं नाही. तुझ्या आईला जाऊन तीन वर्षं झाली, आणि आपल्याकडे पुरुषमाणसाला कोण हात लावतं?

हे मी ओराथायला सांगितलं. तिने विचारलं, "मावशी, ते दोन प्रश्न तुम्ही त्यांना विचारले तेव्हा उत्तर कोणी दिलं?"

"सगळ्यांनी मिळून दिलं."

तिने कपाळाला हात लावला. "एकट्याला विचारा ना! आणि आता ते दोन नका विचारू. सरळ विचारा."

"सरळ म्हणजे कसं?"

"मरावंसं वाटतं का, असं."

"अगं बाई! असा शब्द कुणाच्या दारात काढतात का? अशाने नसती भुतंखेतं ऐकायला गोळा होतात. आणि त्यांच्या मनात नसलं तर मीच घातल्यासारखं होईल."

"विचारल्याने कुणाच्या मनात येत नाही, मावशी. असलेलं बाहेर येतं."

तिचं वय तिशीचं. शिकलेली आहे, पण आपल्या गावात परक्या बाईमाणसाने घरात जाऊन दार लोटून पुरुषाला असं विचारायचं, म्हणजे लोक काय म्हणतील आणि दादा स्वतः काय म्हणतील? माझं काय पाप झालं म्हणून हिने दार लावलं, असंच वाटेल त्यांना. मला दुसरं सुचलंय. माणसाच्या अंगात बत्तीस खवन, त्यातला एखादा आत्मा भेदरून कुठे मागे राहिला की माणूस असाच सुकत जातो. तुझ्या बाबांचा एक नक्की स्मशानात राहिलाय, तुझ्या आईच्या चितेपाशी. त्या दिवशी डोकं भादरून, भिक्खूचं चीवर नेसून आईला स्वर्गात न्यायला तू बसायला हवा होतास. तू आला नाहीस, म्हणून शेजारचं पोरगं बसवलं. मग फोनवर बाबा तुला म्हणाले, "माझ्याही वेळी येऊ नकोस." मी ऐकलं. कुंपण पातळ आहे. तू का आला नाहीस तेही मला ठाऊक आहे. कागदपत्रं नसलेला माणूस एकदा तिथून निघाला की पुन्हा जाऊ शकत नाही. पण दुःखात कोण कागदपत्रं बघतं?

तर त्या मागे राहिलेल्याला परत बोलवायचं. मनगटाला दोरे बांधायचे, मोठा कार्यक्रम करायचा, अख्खा गाव बोलवायचा. यात कुणाचं काही वाईट होण्यासारखं नाही.

मावशी


१६ जुलै

नोप,

मला शाबासकी दे! तुझे बाबा बरे झाले.

कार्यक्रम असा झाला की काय सांगू. काकांनी कोंबडी दिली, मी चिकट भात शिजवला, देवळातून सतरंज्या आणल्या. विधी करणाऱ्या बुवांनी इतक्या गोड आवाजात हाक मारली, "ये रे, ओढ्याकाठी असशील तर ये, स्मशानात असशील तर ये, घरी भात मांडलाय," की माझ्याच डोळ्यांना धार लागली. मग एकेकाने पुढे येऊन दोरा बांधला. बाबांचे हात मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे झाले. प्रत्येकाने आशीर्वाद दिला. काकी म्हणाली, "दादा, बघा, किती माणसं कामधंदा टाकून तुमच्यासाठी आली!" बाबांनी प्रत्येकासमोर हात जोडले, लहान पोरांसमोरसुद्धा. सारखं म्हणत होते, "माझ्यापायी किती त्रास तुम्हाला."

आणि काय सांगू, त्या दिवसापासून ते केंद्राकडे एकदाही फिरकले नाहीत! ना गुडघा, ना कान, ना बीपी. अंगण झाडलं, कौलं सारखी केली. चेहऱ्यावर असं शांतपण आलंय की बघत राहावं. घराघरांत जाऊन कुणाकुणाचं राहिलेलं परत करतायत. काकीची चाळण दिली, देवळाचा हातोडा दिला. कुत्री काकांकडे नेऊन सोडली, म्हणाले, हिला पोरांत करमतं. सगळा गाव म्हणतोय, माणूस पिसासारखा हलका झाला. दोरे बांधायचं कुणाच्या डोक्यातून निघालं, असं कुणी विचारलं की मी नुसती खाली बघते. म्हणजे लोकांना कळतं.

ओराथाय तेवढी खूश नाही. "यायचे का थांबले?" असं विचारत होती. मी म्हटलं, "अगं, बरं झालेलं माणूस दवाखान्यात कशाला येईल?" शिकलेल्यांना साधी गोष्ट पचत नाही.

आज सकाळी माझी शिडीही आणून दिली. ती लांब एकदांडी बांबूची, तुमच्याकडे दरवर्षी जाते ती. धुऊन आणली होती. मी म्हटलं, "दादा, एवढी काय घाई? लोंगन आता पिकतीलच की. तोडणी कशावर चढून करणार?" तर म्हणाले, "यंदा तूच तोडून ने. गोड आहेत." मी म्हटलं, वा, फुकटची फळं कोण सोडतंय.

लिहिताना आता तेच डोक्यात फिरतंय. तुमच्या झाडांच्या फांद्या जमिनीला टेकल्यात, असा बहर गेल्या कितीतरी वर्षांत नव्हता. तोडणी दोन आठवड्यांवर. शिडी तोडणी झाल्यावर परत येते. तोडणीआधी शिडी परत करणारा माणूस मी या गावात पाहिलेला नाही. तोडणीच्या वेळी आपण नसणार, असं ज्याला माहीत आहे तोच

थांब. मी जाऊन येते.


१९ जुलै

नोप,

वरचं पत्र अर्धंच राहिलं, तेही याच पाकिटात घातलंय. बाबा जिवंत आहेत. बसून घे आणि मग पुढचं वाच.

मी शिडी खांद्यावर टाकून निघाले. का घेतली मलाही सांगता येणार नाही. रिकाम्या हाताने जायचा धीर झाला नाही बहुधा. ऊन डोक्यावर होतं. बाबा पायरीवर बसले होते, आंघोळ करून, देवळात जायचा पांढरा सदरा घालून, आणि त्या दिवशी देवळात काहीसुद्धा नव्हतं. काकी रस्त्यावरून ओरडली, "काय गं, शिडी घेऊन कुठे निघालीस? मीही येते!" मी म्हटलं, "येऊ नकोस. मला दादांशी एकटीला बोलायचंय." तिचा आ वासला तो वासलेलाच राहिला. मी फाटक लावून घेतलं.

शिडी भिंतीला टेकवली आणि त्यांच्या खालच्या पायरीवर बसले. गोलगोल बोलायला मला छान येतं, पण त्या दिवशी एकही गोल शब्द सुचेना. म्हणून सरळच विचारलं, "दादा, मरायचा विचार करताय का?"

ते रागावले नाहीत. उठून गेले नाहीत. त्यांनी शिडीकडे बघितलं. मग म्हणाले, "हो."

नोप, मला वाटलं होतं की तो शब्द निघाला की आभाळ कोसळेल. काही झालं नाही. कोंबड्या चरत होत्या. उलट बाबांच्या पाठीचा ताठा गेला आणि ते खांबाला टेकून बसले.

"असं विचारायला ती नर्सबाई शिकवते का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चांगलं शिकवते."

मग ते बोलले. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, "मी तिकडे येत होतो ना, तेव्हा माझं मलाच कळत नव्हतं मी का येतो. गुडघा दाखवला, कान दाखवला. वाटायचं, कुणीतरी म्हणेल, इनपन, खरं काय ते सांग. मग तू ते दोऱ्यांचं केलंस. एवढी माणसं राबली. कोंबडी कापली. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतो आणि मनात एकच, की आता हे सगळं मी कधी फेडणार? लोकांना किती दिवस असा त्रास देत राहायचा? त्यापेक्षा ज्याचं त्याला परत द्यावं आणि जावं. ते ठरवलं आणि एकदम बरं वाटायला लागलं."

मला रडूच फुटलं. "म्हणजे मी तुम्हाला उचलायला गेले आणि ढकललंच की हो!"

"भात चांगला झाला होता," बाबा म्हणाले. माझं रडणं थांबावं म्हणून म्हणाले. अशा वेळीसुद्धा दुसऱ्याला वाईट वाटू नये याची काळजी! आपल्या माणसांची हीच तर खोड आहे, नोप.

मी तिथून हलले नाही. ओराथायला फोन केला, ती स्कूटरवर आली. तिने उपदेश केला नाही, पाप-पुण्य काढलं नाही. त्यांच्या शेजारी बसून एकेक विचारत गेली, शांतपणे, पोट कधीपासून दुखतंय असं विचारावं तसं. किती दिवसांपासून, कधी जास्त वाटतं, काय करायचं ठरवलं होतं. घरात ज्या गोष्टीचा धोका होता ती काकांनी लगेच उचलून नेली. मग आम्ही तिघं जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी औषध चालू केलंय. ते लागू पडायला थोडे आठवडे लागतात म्हणे. सध्या बाबा काकांकडे झोपतात, पायाशी कुत्री असते. त्यांना एकटं सोडत नाही. ओराथाय येऊन विचारते, आणि ती विचारत असताना मी काकीला घेऊन बाजारात जाते.

ते अजून बरे नाहीत. खोटं लिहिणार नाही. सकाळ वाईट जाते म्हणतात.

तुला लिहू का, असं मी त्यांना या वेळी विचारलं. ते म्हणाले, "लिही. पण ये म्हणू नकोस. आला तर त्याचं तिथलं सगळं जाईल." थोड्या वेळाने म्हणाले, "मी त्याला जे बोललो ना, माझ्याही वेळी येऊ नकोस म्हणून, ते रोज सकाळी उठल्यावर आधी आठवतं." हे लिही, असं ते म्हणाले नाहीत. लिहू नकोस, असंही म्हणाले नाहीत.

खाली काकांचा नंबर देते. फोन कर, नोप. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालेल. तिकडे पाऊस आहे की ऊन ते सांग.

मावशी


१२ ऑगस्ट

नोप,

काल तू फोन केलास. त्यात काय काय झालं ते तुला माहीतच आहे, पण या बाजूला काय झालं ते तुला कोण सांगणार? मीच.

आधी तुझी चिठ्ठी. ती आठवड्यापूर्वी मिळाली. माझ्या पहिल्या पत्राचं उत्तर, आणि त्यात एकच ओळ: 'मावशी, ते दोन प्रश्न नेमके काय आहेत?' मला इतका आनंद झाला! म्हटलं, पोरगा हुशार आहे, बापाला फोनवर स्वतः विचारणार. तोडणी चालू होती. बाबा झाडाखाली बसून फळं निवडत होते, वर काकांचे दोन मुलगे होते. मी चिठ्ठी फडकावत गेले आणि मोठ्याने वाचून दाखवली.

बाबांनी हातातली टोपली खाली ठेवली. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"हे माझ्यासाठी नाही विचारलेलं," ते म्हणाले.

"मग कुणासाठी?"

"माझ्यासाठी असतं तर बाबा कसे आहेत, असं लिहिलं असतं. प्रश्न कोण मागतं, बुआचुम? ज्याला ते गुपचूप स्वतःला विचारून बघायचे असतात."

मी तुला तीन पत्रं लिहिली आणि तीनही पत्रांत तू कसा आहेस हे एकदाही विचारलं नाही. तू तिथे एकटा, पकडले जाऊ म्हणून डॉक्टरकडेही न जाणारा, आणि आई गेली तेव्हा न आल्याचं ओझं तुझ्याही छातीवर असेलच की. मी मेली सगळ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढते आणि हे मला दिसलं नाही. ते दिसलं कुणाला, तर ज्याला सकाळी उठवत नाही त्या माणसाला.

त्या दिवसापासून बाबांनी फोन हातातून खाली ठेवला नाही. तुझा नंबर कुणाकडेच नव्हता, म्हणून वाट बघण्याखेरीज काही करता येत नव्हतं. ओराथायने इकडेतिकडे विचारून तुमच्या शहरातल्या एका संस्थेचा पत्ता काढला. तिथे आपली भाषा बोलणारी बाई आहे आणि ते कागदपत्रं मागत नाहीत. बाबांनी तो नंबर तोंडपाठ केला. सकाळी उठवत नसलं तरी उठायचे, म्हणायचे, सकाळीच फोन आला तर? भात खायचा कंटाळा आला तरी खायचे, म्हणायचे, आवाज खोल गेलेला ऐकू आला तर पोरगा घाबरेल.

आणि काल तू फोन केलास. आम्ही सगळे बाबांभोवती कोंडाळं करून बसलो, फोन स्पीकरवर, जशी आपल्याकडे रीत आहे. तू म्हणालास, "जेवलात?" बाबा म्हणाले, "जेवलो. तू?" तू म्हणालास, "जेवलो." मग दोघेही गप्प. मग तू म्हणालास पाऊस आहे. बाबा म्हणाले लोंगन चांगले आलेत. काकीला ती शांतता सोसवेना. ती मध्येच ओरडली, "नोप, लग्नाचं काय ठरवलंस रे?" तू हसलास, आणि ते हसू मला अगदी ओळखीचं वाटलं. ओसरीवर, बांबूचे कोंब सोलणाऱ्या बायकांत बसून बाबा हसले होते ना, तेच.

बाबांनाही ते ओळखू आलं असणार. त्यांनी स्पीकर बंद केला. "सगळे बाहेर जा," म्हणाले.

"अहो दादा, आम्ही घरचेच तर आहोत," काकी म्हणाली.

"म्हणूनच."

काका उठले. काकी उठली. मी जागची हलले नाही, कारण मी स्वतःला त्या 'सगळ्यां'त धरलंच नव्हतं. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "तूही, बुआचुम."

पायऱ्या उतरताना माझ्या कानावर फक्त एवढंच पडलं, "नोप, बाबा एक सरळ विचारतो. तूही सरळ सांग." त्यापुढचं मी ऐकलं नाही. खरंच सांगते. मी फाटकापर्यंत चालत गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. काकी खिडकीखाली सरकत होती, तिला मी दंडाला धरून मागे ओढली. ती म्हणाली, "तू? तू मला अडवतेस?" आम्ही दोघी उन्हात उभ्या राहिलो. मला किती गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या ते मी तुला सांगू शकत नाही. तू काय म्हणालास, किती दिवसांपासून, तिथे कुणी आहे का तुझं, रात्री झोप लागते का. आणि त्याहून जास्त वाटत होतं की तू नुसतं बोलत राहावंस, कुणालाही ऐकू आलं नाही तरी चालेल.

फार वेळाने बाबा बाहेर आले. सदरा घामाने चिंब, डोळे लाल. हौदाशी जाऊन तोंड धुतलं, पाणी प्यायले. मी काही विचारलं नाही. नोप, मी काही विचारलं नाही! त्यांनी आपणहूनच सांगितलं, "त्या संस्थेचा नंबर दिला. दोनदा म्हणवून घेतला त्याच्याकडून."

मी तोंड पुसायला पंचा पुढे केला.

"उद्या पुन्हा करणार आहे तो," बाबा म्हणाले. "रोज करणार आहे. तू येत जाऊ नकोस."

नाही येणार. तू मात्र रोज कर.

तुझी,
बुआचुममावशी